पडद्यावरचं विमान, अहवालातलं विमान

बीदरमध्ये विमानाचा आवाज आला म्हणून कुणी हातातलं काम सोडून अंगणात येत नाही. हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांची हॉक विमानं डोक्यावरून जातच असतात. हवाई कसरतींचं सूर्यकिरण पथक १९९६ साली इथेच उभं राहिलं. तेव्हा त्यांच्याकडे किरण विमानं होती, आता हॉक आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये कलबुर्गीचा विमानतळ सुरू झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये बीदरच्या हवाई दलाच्या धावपट्टीवरून बंगळूरची प्रवासी सेवाही सुरू झाली. ती मध्ये बंद पडली आणि पुन्हा चालू झाली.

इतकी विमानं रोज बघणारा माणूस रात्री टीव्हीसमोर बसला, की विमान अपघातावरचा माहितीपट मात्र डोळे झाकून खरा मानतो. यात त्याचा फार दोष नाही. २००३ पासून चालू असलेली कॅनडाची 'मेडे' ही मालिका, जी आपण 'एअर क्रॅश इन्व्हेस्टिगेशन' म्हणून ओळखतो, बऱ्यापैकी मेहनतीनं केलेली असते. तिचा आधार अधिकृत तपास अहवालांचा असतो आणि तपास करणारी माणसं स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलतात. पण तिच्याच थाटात बनवलेले वृत्तवाहिन्यांचे 'विशेष' कार्यक्रम आणि मोबाइलवरचे पंधरा-वीस मिनिटांचे व्हिडिओ तिच्या शेजारीच येऊन बसले आहेत. तेच संगीत, तोच खर्जातला हिंदी आवाज, तीच संगणकावर काढलेली विमानं. दिसायला सगळं सारखंच. म्हणून बघताना काय तपासायचं, कुठे तपासायचं आणि कोणत्या चुका सोडून द्यायच्या, हे थोडं सांगतो.

आधी चित्र बघा. हे सगळ्यांत सोपं आहे आणि बीदर-कलबुर्गीच्या माणसाला तर फारच सोपं. बीदरला पहिल्यांदा आलेलं ट्रूजेटचं एटीआर-७२ हे पंख्यांचं विमान. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात. कलबुर्गीला उतरलेलं स्टार एअरचं एम्ब्रेयर १४५ हे जेट, पण त्याची इंजिनं शेपटीजवळ असतात, पंखांखाली काही नसतं. आता प्रादेशिक विमानसेवेच्या 'उडान' योजनेतल्या छोट्या शहरांवरचा कार्यक्रम लागला आणि निवेदक एटीआरबद्दल बोलत असताना पडद्यावर पंखांखाली दोन मोठी इंजिनं लटकवलेलं एअरबस दिसलं, तर ते चित्र कुठल्या तरी साठ्यातून उचललेलं आहे. जुन्या अपघातांच्या कार्यक्रमांत हे आणखी घडू शकतं. १९७८ चं बोइंग ७४७ दाखवताना पंखांची टोकं वर वळलेली दिसली, तर ते ७४७-४०० आहे आणि ते प्रवासी सेवेत आलं १९८९ मध्ये. १९९३ चं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७-२०० असेल तर त्याची इंजिनं लांबट, बारीक आणि पंखाला चिकटलेली हवीत. खालून चपटी, जाडजूड इंजिनं दिसली तर ते नंतरच्या पिढीतलं विमान.

अशा चुकांवर मी फार वेळ घालवत नाही. त्यांचा उपयोग एवढाच, की कार्यक्रम तयार झाल्यावर जाणकाराच्या नजरेखालून गेला होता की नाही ते कळतं. गेला नसेल, तर पुढची वाक्यं जरा सावध होऊन ऐकायची. घामेजलेला वैमानिक, लाल दिव्यांचा झगमगाट, प्रत्येक अपघातात किंचाळणारी तीच बाई, हा सगळा नाट्याचा भाग. तो माफ.

दुसरी तपासणी आकड्यांची, विशेषतः उंचीच्या. बीदर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० फुटांवर आहे. विमानांचा माग दाखवणारं ॲप मोबाइलवर उघडून बीदरहून नुकतंच उडालेलं विमान बघितलं आणि त्यावर २,७०० फूट दिसलं, तर ते विमान आपल्या घरांच्या वर साधारण पाचशे फुटांवरच असतं. ॲपमधला आकडा हवेच्या दाबावरून काढलेला असतो आणि मोजणी समुद्रसपाटीच्या हिशेबानं होते, जमिनीपासून नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं १७१ हे विमान कोसळलं, तेव्हा '६२५ फुटांवरून पडलं' हा आकडा तासाभरात सगळीकडे गेला. तो याच प्रकारचा होता. अहमदाबादचा विमानतळ स्वतःच सुमारे दोनशे फूट उंचीवर आहे, म्हणजे जमिनीपासूनची उंची बरीच कमी. फरक दोनशे फुटांचाच, पण काही सेकंदांच्या उड्डाणात त्या फरकावर अख्खा तर्क फिरतो.

त्याच अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पडद्यावर बसलेल्या मंडळींनी बरंच काही ठरवून टाकलं होतं. पंखांचे फ्लॅप उघडलेच नव्हते, पक्षी आदळले, चाकांऐवजी चुकून फ्लॅपचीच मूठ ओढली. बरोबर एक महिन्यानं, १२ जुलैला, प्राथमिक अहवाल आला. त्यात फ्लॅपची मूठ उड्डाणासाठी नेहमी ठेवतात त्या पाच अंशांच्या खाचेत सापडल्याचं लिहिलं होतं. चाकांची मूठ खाली होती. उड्डाणमार्गाच्या आसपास लक्षणीय पक्षी दिसले नव्हते. दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतरानं बंदच्या स्थितीत गेल्याची नोंदही त्यात होती. पण ते का आणि कसे गेले, याचं कारण त्या अहवालानं दिलेलं नव्हतं. प्राथमिक अहवालाचं ते कामही नाही. तरी त्या संध्याकाळपासून कारणच नव्हे, तर दोषी माणूससुद्धा जाहीर करणारे कार्यक्रम सुरू झाले. म्हणून माझा पहिला नियम: कार्यक्रम प्राथमिक अहवालावर बेतलाय की अंतिम, हे आधी विचारा. कार्यक्रमात ते सांगितलेलंच नसेल, तर त्याच्या निष्कर्षाला निष्कर्ष म्हणू नका.

आता खऱ्या अवघड भागाकडे येऊ. चित्र चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. कारण चुकलं की कुणाला तरी खोटा दोष लागतो, नाहीतर खोटं श्रेय मिळतं. याचं आपल्याला सगळ्यांत जवळचं उदाहरण औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं.

२६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ हे विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत चिकलठाणा विमानतळावर उतरलं होतं आणि दुपारी मुंबईला निघालं होतं. ११२ प्रवासी, ६ कर्मचारी. धावपट्टी संपते त्याच्या पलीकडून बीड रस्ता जायचा. उड्डाण होताना त्या रस्त्यावर कापसाच्या दाबलेल्या गाठी लादलेला एक ट्रक होता. विमानाचं डावं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून जेमतेम सात फुटांवर त्या ट्रकला लागला. तिथून सुमारे तीन किलोमीटरवर विमान विजेच्या उच्चदाबाच्या तारांना धडकलं आणि जमिनीवर आलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली.

ही गोष्ट मराठवाड्यात आणि आपल्याकडेही कशी सांगितली जाते? 'ट्रकनं विमान पाडलं.' टीव्हीला हे वाक्य फार सोयीचं. कापसाच्या गाठी, एप्रिलचं ऊन, रस्ता, धडक. दृश्यच दृश्य. पण क्षणभर थांबून साधा हिशेब करा. ट्रक रस्त्यावर होता आणि रस्ता धावपट्टीच्या बाहेर. प्रश्न असा, की धावपट्टी संपल्यावरसुद्धा विमान फक्त सात फुटांवर का होतं? तपासानं उत्तर याच दिशेनं शोधलं. संभाव्य कारणात पहिला क्रमांक ट्रकचा नव्हता. वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली, हे पहिलं कारण. उड्डाणांच्या वेळात बीड रस्त्यावरची वाहतूक अडवण्याची व्यवस्था विमानतळ प्राधिकरणानं नीट पाळली नाही, हे दुसरं. ट्रकचालकानं काय केलं होतं? तो रस्त्यानं जात होता.

अशा प्रत्येक गोष्टीत एक वस्तू किंवा एक माणूस असतो, ज्याच्यावर कॅमेरा आपोआप खिळतो. इथे तो ट्रक होता. तुम्हाला करायचंय एवढंच, की त्या वस्तूवरून नजर काढून विचारायचं: ती तिथे नसती तरी अपघात इतका जवळ का आला होता? या एका प्रश्नानं अर्धे माहितीपट उघडे पडतात.

उलट दिशेची चूक ऐकायला आणखी जड जाते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं १३४४ हे विमान धावपट्टी ओलांडून खाली दरीत गेलं. कोविडकाळात परदेशांत अडकलेल्यांना परत आणणाऱ्या 'वंदे भारत' मोहिमेचं हे उड्डाण. १९० जण विमानात होते, त्यातले २१ गेले. कप्तान दीपक साठे हे हवाई दलात नाव कमावलेले मराठी अधिकारी आणि त्यांच्या त्या कारकिर्दीबद्दल कुणाच्या मनात शंका असण्याचं कारण नाही. पण दुसऱ्या दिवसापासून एक मजकूर फोनवरून फिरू लागला: चाकं उघडत नव्हती, म्हणून कप्तानांनी विमानतळाभोवती तीन घिरट्या घालून इंधन संपवलं आणि आग लागू दिली नाही. वाहिन्यांनी तो मजकूर वाचूनही दाखवला. अंतिम अहवाल सांगतो ते वेगळं आहे. चाकांत काही बिघाड नव्हता. एक प्रयत्न सोडून देऊन विमान वळलं आणि दुसऱ्या बाजूनं आलं. पाऊस होता आणि वारा पाठीमागून होता. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फूट आत टेकलं, म्हणजे अर्धी धावपट्टी हवेतच संपली होती. विमान हाताळणाऱ्या वैमानिकानं ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, असं अहवालाचं म्हणणं. पण त्याच अहवालात, या अपघातामागच्या व्यवस्थेतल्या त्रुटींकडेही दुर्लक्ष करता येणार नाही, असंही लिहिलंय. त्यामुळे शौर्यकथाही पुरती खरी नाही आणि 'वैमानिकाची चूक' एवढ्यावर थांबणंही अपुरं.

बॉम्ब आणि कट हे टीव्हीचे फार आवडते विषय. १ जानेवारी १९७८ च्या रात्री 'सम्राट अशोक' हे एअर इंडियाचं ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. २१३ माणसं होती, कुणी वाचलं नाही. घातपाताची शंका लगेच आली. तपासात निघालं ते हे, की कप्तानांसमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण चुकीचं दाखवत होतं. बाहेर रात्रीचा काळा समुद्र, क्षितिज दिसत नव्हतं. त्यांनी उपकरणावर विश्वास ठेवला आणि सरळ असलेलं विमान डावीकडे कलतं केलं. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा ज्या विमानात गेले, त्या २४ जानेवारी १९६६ च्या 'कांचनजंगा'बद्दल तर सीआयएचं नाव घेतल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. अधिकृत तपासाचा निष्कर्ष होता, की विमानातलं एक दिशादर्शक उपकरण बंद होतं आणि माँ ब्लाँ शिखर आपण ओलांडलं की नाही, याबद्दल वैमानिकाचा गैरसमज झाला. योगायोग असा, की त्याच डोंगरावर ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' आदळलं होतं. हिमनदी वितळते तसं दोन्ही विमानांचं सामान अधूनमधून वर येतं आणि बातमीत एकाचं सामान दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतं. पंख्यांची इंजिनं सापडली म्हटलं तर ते १९५० चं कॉन्स्टेलेशन. १९६६ चं बोइंग ७०७ हे जेट होतं.

'जगातला सर्वांत मोठा' आणि 'पहिला' हे दोन शब्द आले की पेन्सिल हातात घ्या. १२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीची टक्कर, ३४९ मृत, ही हवेतल्या टकरींत सर्वांत मोठी. सर्व विमान अपघातांत मोठी आहे ती २७ मार्च १९७७ ची टेनेरीफची, ५८३ मृत, आणि ती धावपट्टीवर झाली. तसंच 'पहिलं' म्हणून सांगितलं जाणारं जेआरडी टाटांचं १५ ऑक्टोबर १९३२ चं उड्डाण. ते टपालाचं होतं, प्रवाशांचं नव्हतं. जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत आले. पुढे बळ्ळारीवरून मद्रासला विमान नेलं ते नेव्हिल व्हिंटसेंट यांनी. आपल्या कल्याण कर्नाटकातल्या बळ्ळारीचा हा वाटा निवेदनातून गळून पडतो.

आवाजाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. 'वैमानिकांचे शेवटचे शब्द, खऱ्या आवाजात' असं लिहून आलं की शंका घ्या. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यातलं रेडिओवरचं बोलणं खरं मिळू शकतं, कारण ते बाहेरही ऐकू येतं. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण मात्र तपासयंत्रणा जपून ठेवतात. अमेरिकेत तर तिथल्या तपास मंडळाला ते ऐकवायला कायद्यानंच मनाई आहे, फक्त लिखित उतारा दिला जातो. म्हणजे ऐकू येतो तो बहुधा नटांचा आवाज. उताऱ्यातले शब्द तसेच घेतलेत की मधले वगळून दोन वाक्यं जोडलीत, हे उतारा शेजारी ठेवूनच कळतं.

मग अहवाल मिळवायचा कुठून? भारतातल्या गंभीर अपघातांचा तपास २०१२ पासून एअरक्राफ्ट ॲक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्युरो, म्हणजे एएआयबी, करते आणि तिचे अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्याआधीचे काही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे आहेत. जुन्या अपघातांचा सारांश हवा असेल तर एव्हिएशन सेफ्टी नेटवर्कवर तारीख टाकून शोधता येतो. अहवाल इंग्रजीत असतात आणि शंभर-दोनशे पानांचे, हे खरं. सगळे वाचायची गरज नाही. सुरुवातीचा सारांश वाचा, मग थेट शेवटाकडे जाऊन 'फाइंडिंग्ज' आणि 'प्रोबेबल कॉज' ही दोन प्रकरणं काढा. त्याखाली 'काँट्रिब्युटरी फॅक्टर्स' असतील तर ते टाळू नका. टीव्ही टाळतो तो नेमका हाच भाग, कारण त्यात धडक नसते. असतात प्रशिक्षणाच्या नोंदी, कामाचे तास, देखभालीच्या सह्या आणि विमानतळाच्या कुंपणाची गोष्ट. आणि एक लक्षात असू द्या: आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष वाटणं नाही. त्यामुळे 'अहवालानं अमुक माणसाला दोषी ठरवलं' असं वाक्य निवेदनात आलं, तर ते निवेदकाचं आहे.

इतकं सांगितल्यावर उलटी सावधगिरीही सांगायला हवी. चूक वाटते ती प्रत्येक गोष्ट चूक नसते. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर डिसेंबर १९९९ च्या आयसी ८१४ विमानाच्या अपहरणावरची मालिका आली आणि अपहरणकर्त्यांना 'भोला' आणि 'शंकर' अशा हिंदू नावांनी म्हटलंय म्हणून मोठा गदारोळ झाला. ती मालिका माहितीपट नव्हती, तिच्यावर दुसरे आक्षेप घेता येतील. पण विमानात अपहरणकर्ते एकमेकांना त्याच नावांनी हाका मारत होते आणि गृहमंत्रालयानं ६ जानेवारी २००० च्या निवेदनात ती नावं दिली होती. खरी नावं आधी प्रेक्षकांना सांगितली असती तर गैरसमज टळला असता, आणि नेटफ्लिक्सनं नंतर सुरुवातीच्या सूचनेत ती घातलीही. तेव्हा संतापून फॉरवर्ड करण्याआधी दहा मिनिटं काढा.

चूक पक्की झालीच, तर वाहिनीला कळवा. केबल टीव्हीच्या कार्यक्रम संहितेत खोट्या सूचक विधानांना आणि अर्धसत्यांना मनाई आहे, तेव्हा तुमची तक्रार त्या चौकटीत मांडा. २०२१ च्या नियमांनुसार पहिली तक्रार थेट वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करायची. त्यांनी ती पंधरा दिवसांत निकाली काढायची असते. उत्तर पटलं नाही तर पुढे वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. पत्रात 'तुमचा कार्यक्रम चुकीचा आहे' असं लिहून काही होत नाही. कार्यक्रमाचं नाव, प्रसारणाची तारीख आणि वेळ, कितव्या मिनिटाला कोणतं वाक्य बोललं गेलं ते जसंच्या तसं, आणि त्याखाली अहवालाचं नाव, पान क्रमांक आणि तिथलं वाक्य. एका पत्रात एकच चूक. इंजिन चुकीचं दाखवलं, विमानाचा रंग चुकला, असल्या तक्रारी त्यात मिसळू नका. त्या वाचून समोरचा माणूस हसतो आणि मुद्द्याची तक्रारही बाजूला ठेवतो.